शिफारशीची किंमत कोण मोजतो?

एखाद्या वस्तूचा दर्जा ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी कितपत कळू शकतो, यावर तो दुसऱ्याच्या शब्दावर किती विसंबणार हे बऱ्याच अंशी ठरते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० साली या दृष्टीने वस्तूंचे दोन गट पाडले. पहिला गट दुकानात पाहून, हाताळून पारखता येणाऱ्या वस्तूंचा असून पातेले, खुर्ची, साडीचा रंग यांचा त्यात समावेश होतो. दुसरा गट अनुभवानेच कळणाऱ्या वस्तूंचा असून हॉटेलातले जेवण किंवा सहलीची व्यवस्था ही त्याची उदाहरणे होत. पुढे १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या गटाची भर घातली. डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक होती का, किंवा गॅरेजवाल्याने गाडीचा बदललेला भाग खराब झालाच होता का, हे पैसे मोजून झाल्यावरही सामान्य ग्राहकाला कळत नाही, आणि म्हणून अशा सेवा केवळ भरवशावर घेतल्या जातात. पहिल्या गटाकडून तिसऱ्या गटाकडे जावे तसतसा जाहिरातीचा उपयोग कमी होत जातो आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दाला वजन येत जाते.

महाराष्ट्रात या तिन्ही गटांचे गुण एकाच वस्तूत पाहायचे असतील तर हापूस आंब्याकडे पाहावे. फळाचा रंग, आकार आणि वास पेटी उघडताच पारखता येतो. आत साका आहे की नाही, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव झाला आहे की काय, हे कापल्यावाचून कळत नाही. आणि आंबा खरोखर देवगडच्या बागेतला आहे की परराज्यातून आणून देवगडच्या खोक्यात भरलेला आहे, हे बहुसंख्य खाणाऱ्यांना तो खाऊन संपल्यावरही सांगता येत नाही. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ठरावीक प्रदेशात पिकलेल्या फळालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क प्राप्त झाला. परंतु पेटीवरचे छापील नाव आणि पेटीतले फळ यांची सांगड घालण्याचे साधन ग्राहकाच्या हाती त्याने आपोआप आले नाही. ही उणीव मुंबई-पुण्यातील ग्राहकाने आपल्या पद्धतीने भरून काढली आहे. मार्च महिना उजाडला की गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोणाकडे खात्रीचा आंबेवाला आहे का?’ अशी विचारणा होते, ‘आम्ही चार वर्षे यांच्याकडूनच घेतो’ असे उत्तर येते, त्यामागोमाग विक्रेत्याचा संपर्क क्रमांक येतो, आणि संध्याकाळपर्यंत पाच-सहा घरांची मिळून एकत्र मागणी नोंदवली जाते. यांपैकी बहुतेकांनी त्या विक्रेत्याला पाहिलेलेही नसते.

या व्यवहारात शिफारस करणाऱ्याला आंब्यातले किती कळते, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही, ही बाब सहज नजरेतून सुटते. विचारणाऱ्याला भरवसा वाटतो तो दोन वेगळ्या कारणांनी. सांगणाऱ्याला या मागणीतून काही मिळत नाही, हे एक. आणि आंबे खराब निघाले तर त्याला उद्या लिफ्टमध्ये त्याच शेजाऱ्यांसमोर उभे राहावे लागणार आहे, हे दुसरे. पेटीतले चार आंबे साक्याचे निघाले की कापलेल्या फोडींचे छायाचित्र त्याच ग्रुपवर पडते, मूळ शिफारस करणारा ओशाळून स्वतःच विक्रेत्याला फोन लावतो, आणि सहा घरांचे गिऱ्हाईक एकदम हातचे जाईल या धास्तीने विक्रेता बहुधा बदली आंबे पाठवतो. एकट्यादुकट्या ग्राहकाच्या तक्रारीला एवढी धार क्वचितच असते. चुकीच्या शिफारशीची किंमत शिफारस करणाऱ्यालाही मोजावी लागणे, हाच या व्यवस्थेचा कणा आहे. आणि आंतरजालावरील मैत्रीने ग्राहकाच्या निवडीत जे बदल घडवले, ते या किमतीचे काय झाले हे पाहिल्याशिवाय नीट उलगडत नाहीत.

ओळखीच्या शब्दाचे हे बळ संशोधकांच्या ध्यानात यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. त्यापूर्वी रेडिओ आणि वृत्तपत्रे जे सांगतील ते जनता थेट स्वीकारते, असा समज बळावला होता. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा अभ्यास करताना त्याविषयी शंका आली, आणि १९४५ साली इलिनॉय राज्यातील डिकेटर या गावी सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्यांनी या शंकेचा पाठपुरावा केला. एलिहू कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी १९५५ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या निष्कर्षांनुसार घरगुती खरेदी, फॅशन आणि चित्रपट या बाबतींत जाहिरातीपेक्षा व्यक्तिगत बोलण्याचा प्रभाव अधिक होता. प्रसारमाध्यमांतील मजकूर आधी काही चौकस व्यक्तींपर्यंत आणि त्यांच्यामार्फत इतरांपर्यंत जात होता. अशा व्यक्तींना त्यांनी मत-नेते म्हटले. हे मत-नेते समाजाच्या वरच्या थरातले असतील ही अपेक्षा मात्र फोल ठरली. किराणा आणि घरसामानाच्या बाबतीत मोठ्या कुटुंबाचा गाडा हाकणाऱ्या गृहिणींचा सल्ला चाले, चित्रपटांच्या बाबतीत तरुण मुलींचा. आणि घरगुती खरेदीतला सल्ला बहुतांशी बरोबरीच्याच स्थितीतल्या स्त्रीकडून घेतला जाई. त्याच सुमारास, १९५४ साली, पत्रकार विल्यम व्हाइट यांनी फिलाडेल्फियातील एकसारख्या घरांच्या वस्तीत खिडक्यांतून डोकावणारी वातानुकूलन यंत्रे मोजली. उत्पन्न, वय आणि घराचा आकार जवळपास सारखाच असूनही काही ओळींत यंत्रांची दाटी होती, तर काही ओळी कोरड्या होत्या. जिथे शेजाऱ्यांचे बोलणे-चालणे होते तिथे यंत्र घरोघर पसरत गेले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आंतरजालाने या शेजाराची भिंत हलवली. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार नवी माहिती माणसाला जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून अधिक मिळते, कारण जिवलग त्याच्याच वर्तुळात वावरतात आणि त्यांना ठाऊक असलेले त्यालाही बहुधा ठाऊक असते. ग्राहकांच्या बाबतीत या सिद्धांताची कसोटी १९८७ साली जॅकलिन ब्राउन आणि पीटर रायनगेन यांनी एका शहरातील पियानो-शिक्षकांचे विद्यार्थी कोणाच्या सांगण्यावरून आले याचा माग काढून घेतली. शिक्षकाचे नाव एका गटातून दुसऱ्या गटात नेण्याचे काम सैल ओळखींनी केले होते, पण प्रत्यक्ष निर्णयावर प्रभाव पडला होता तो घट्ट नात्यांचा. या दोन भूमिका पूर्वी दोन वेगळ्या माणसांकडे असत. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मात्र वीस वर्षांत न भेटलेला वर्गमित्र बालपणीच्या जवळिकीच्या बळावर विमा पॉलिसी किंवा नागपूरचे दंतवैद्य सुचवतो, म्हणजेच माहिती सैल ओळखीची आणि वजन घट्ट नात्याचे असा संकर घडतो. त्याची शिफारस चुकली तर त्याला लिफ्टमध्ये कोणी गाठणार नसते. परदेशस्थ मराठी कुटुंबांचे याहून निराळे आहे. नव्या गावात उतरलेल्या कुटुंबाला कोणत्या दुकानात तांदळाचे पीठ चांगले मिळते आणि चकलीची भाजणी कोण करून देते हे सांगणारा शेजार मुळातच नसतो. तो त्यांना स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरच भेटतो, आणि गणेशोत्सवात प्रत्यक्ष गाठ पडणार असल्यामुळे तिथे शब्द जपूनच टाकला जातो.

ओळख अधिक विरळ झाली की तिचे रूपांतर आकड्यात होते. पूर्णपणे अनोळखी ग्राहकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय हे त्याचे सर्वपरिचित रूप होय. त्यांचा परिणाम खरा आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मायकेल लुका यांनी सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांच्या अभ्यासात दाखवले की येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. आणि हा लाभ स्वतंत्र उपाहारगृहांना मिळतो, साखळी-हॉटेलांना मिळत नाही, कारण साखळीतले पदार्थ कसे असणार हे ग्राहकाला आधीच माहीत असते. ज्यूडिथ शेव्हॅलिए आणि डिना मेझलिन यांनी २००६ साली पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रीच्या अभ्यासात आणखी एक बारकावा टिपला. एक तारा देणाऱ्या अभिप्रायाने होणारे नुकसान पाच ताऱ्यांनी होणाऱ्या लाभापेक्षा मोठे असते. कौतुक लेखकाच्या गोतावळ्यातून आलेले असू शकते, हे वाचक ओळखून असतो.

मात्र अनेकांचे मत एकत्र केले की त्यातून गुणवत्ताच वर येते, हे गृहीतक तपासून घेण्याजोगे आहे, आणि ते तपासणारा एक प्रयोग इथे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात १४,३४१ व्यक्तींना अपरिचित वादकवृंदांची ४८ गाणी ऐकण्यास आणि आवडल्यास उतरवून घेण्यास दिली गेली. काहींना केवळ गाण्यांची आणि वृंदांची नावे दिसत होती. इतरांना प्रत्येक गाणे आधी कितीजणांनी उतरवून घेतले आहे हा आकडाही दिसत होता. या दुसऱ्या गटाचे आठ स्वतंत्र भाग करण्यात आले होते. प्रत्येक भाग शून्यापासून सुरू झाला आणि एका भागातील लोकांना दुसऱ्यातील आकडे दिसत नव्हते. थोडक्यात, एकच बाजार आठ वेळा नव्याने मांडला गेला होता. लोकप्रियता हे गुणवत्तेचे फळ असते तर आठही बाजारांत साधारण तीच गाणी वर यायला हवी होती. प्रत्यक्षात आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे गेली. पण कोणते गाणे वर जाईल हे प्रत्येक भागात वेगळे निघाले. एक गाणे एका भागात पहिल्या क्रमांकावर, तर दुसऱ्यात चाळिसाव्या क्रमांकावर होते. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि टाकाऊ गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. या दोन टोकांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र आरंभीच्या मोजक्या श्रोत्यांची लहर निर्णायक ठरली.

हाच परिणाम लेव मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी २०१३ साली वेगळ्या मार्गाने दाखवला. एका संकेतस्थळावरील प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी यदृच्छेने एक बनावट पसंतीचे मत दिले. त्या एका मताच्या धक्क्याने अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी चढले. उलट, बनावट नापसंतीचे मत पुढच्या वाचकांनी आपली मते देऊन भरून काढले. नव्या विक्रेत्यांचे पहिले दहा-वीस अभिप्राय नातेवाईक आणि मित्रमंडळींकडून का लिहवून घेतले जातात, याचे उत्तर येथे सापडते.

याच्या उलट बाजूची चूकही टाळली पाहिजे. दोन मित्रांनी आठवड्याच्या अंतराने एकच मोबाइल घेतला, म्हणजे एकाने दुसऱ्याला तो घ्यायला लावला असे अनुमान सहज काढले जाते. पण मुळात सारख्या आवडीचे, सारख्या वयाचे आणि सारख्या मिळकतीचे लोकच एकमेकांचे मित्र होतात, आणि ते एकमेकांशी अवाक्षर न बोलताही एकाच वस्तूपर्यंत पोहोचू शकतात. सारख्यांची सारख्यांशी जुळण्याची ही प्रवृत्ती आणि खरा प्रभाव यांत भेद करण्यासाठी अरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली याहूच्या २ कोटी ७४ लाख वापरकर्त्यांच्या जाळ्यात एक नवी मोबाइल सेवा कशी पसरली हे तपासले. मित्रांचा प्रभाव म्हणून जे दिसत होते त्यातला निम्म्याहून अधिक भाग निव्वळ सारखेपणाचा निघाला, आणि जुन्या पद्धतीने मोजणी केल्यास प्रभाव ३०० ते ७०० टक्क्यांनी फुगवून दाखवला जातो असे आढळले. समाजमाध्यमांवर जाहिरात करून देणाऱ्या संस्था आपल्या ग्राहकांना जे आकडे दाखवतात ते वाचताना हे संशोधन आठवणे हिताचे आहे.

आतापर्यंतच्या विवेचनात शिफारस करणारा निरपेक्ष आहे असे धरले होते. प्रत्यक्षात तो नेहमीच तसा नसतो, आणि मैत्रीला दलालीची जोड देण्याची युक्ती आंतरजालाच्या कितीतरी आधीची आहे. टपरवेअर कंपनीने १९५१ साली ब्राउनी वाइज यांच्या नेतृत्वाखाली आपले डबे दुकानांतून काढून घेतले आणि ते केवळ घरगुती मेळाव्यांतून विकण्याचा मार्ग पत्करला. मेळाव्याला आलेली स्त्री डब्याच्या झाकणाइतकाच बोलावणाऱ्या मैत्रिणीच्या शब्दाचा विचार करीत असे. जोनाथन फ्रेन्झन आणि हॅरी डेव्हिस यांनी १९९० साली अशाच घरगुती मेळाव्यांतील खरेदी अभ्यासली, तेव्हा यजमानिणीशी नाते जितके घट्ट तितकी खरेदीची शक्यता अधिक असल्याचे दिसले. मराठीत ज्याला भिडेखातर केलेली खरेदी म्हणतात तिचेच हे संख्याशास्त्रीय दर्शन होय.

व्हॉट्सअ‍ॅपवरील साड्यांचे ग्रुप हा त्याच मेळाव्याचा आजचा अवतार आहे. बंगळुरूत २०१५ साली स्थापन झालेल्या मीशो या कंपनीने सुरुवातीला याच रचनेवर आपला व्यवसाय उभारला. घरबसल्या विक्री करणारी स्त्री, म्हणजे रिसेलर, कंपनीच्या यादीतून साड्यांची छायाचित्रे निवडून आपल्या ओळखीच्या ग्रुपवर टाकते, किमतीत आपले मार्जिन मिळवते, मागणी नोंदवते. माल कंपनी परस्पर पोहोचवते आणि मार्जिन तिच्या खात्यात जमा होते. लाखो गृहिणींना भांडवलाशिवाय चार पैसे मिळवण्याची वाट यामुळे खुली झाली, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण ग्राहकाच्या बाजूने पाहता, हिने साडी हातात घेऊन पाहिलेलीच नाही आणि किमतीतला तिचा वाटा किती हेही कळायला मार्ग नाही, अशी स्थिती असते. फोटोतला मोरपंखी रंग प्रत्यक्षात मळकट निळा निघाला तर परत करण्यापूर्वी नणंदेच्या मैत्रिणीला दुखवायचे का, हा विचार आधी करावा लागतो. इथे चुकीच्या शिफारशीची किंमत दोघींच्या नात्याने मोजली जाते, कंपनीला तिची झळ कमी लागते.

मोबदला दिल्याने शिफारस अधिक परिणामकारक होते असेही नाही. यूरे लेस्कोवेच, लाडा अ‍ॅडमिक आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याच्या सुमारे ४० लाख ग्राहकांनी परस्परांना पाठवलेल्या जवळजवळ १ कोटी ६० लाख शिफारशी २००७ साली अभ्यासल्या. शिफारशीवरून खरेदी झाल्यास दोघांनाही सवलत मिळण्याची सोय या योजनेत होती. बहुसंख्य शिफारशी वाया गेल्या, आणि एकच व्यक्ती एकाच मित्राला जितक्या अधिक शिफारशी पाठवी तितके तिच्या शब्दाचे वजन घटत जाई. यश मिळाले ते लहान, एकमेकांना धरून असलेल्या समूहांत, विशिष्ट विषयाच्या महागड्या पुस्तकांसारख्या वस्तूंच्या बाबतीत. पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपचा रेफरल कोड एकाच नातलगाकडून तिसऱ्यांदा आल्यावर तो न उघडता पुसणाऱ्या माणसाचे वर्तन या निष्कर्षाला धरूनच आहे.

समाजमाध्यमांवरील प्रभावक, ज्यांना सर्रास इन्फ्लुएन्सर म्हटले जाते, ते मैत्रीचा केवळ आभास घेऊन येतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली दूरचित्रवाणीच्या सूत्रसंचालकांविषयी लिहिताना या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते: प्रेक्षकाला वाटते की तो समोरच्याला ओळखतो, पण समोरच्याला प्रेक्षकाचा पत्ताही नसतो. मोबाइलच्या पडद्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून ‘ताई, हे तेल मी घरी वापरते’ असे सांगणारी व्यक्ती सूत्रसंचालकाहून कितीतरी जवळची भासते. सर्वांत घातक रूप शेअर बाजाराच्या टिप्स देणाऱ्या टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचे आहे, कारण तिथे नफ्याची छायाचित्रे टाकून धन्यवाद मानणारे ‘सभासद’ही पुष्कळदा चालकानेच पेरलेले असतात. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२४ साली नोंदणीकृत दलाल आणि फंड कंपन्यांना विनानोंदणी सल्ला देणाऱ्यांशी व्यवहार ठेवण्यास मनाई केली ती याच पार्श्वभूमीवर.

कायद्याने चुकीच्या शिफारशीची किंमत पुन्हा शिफारस करणाऱ्याच्या माथी मारण्याचा प्रयत्न केला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलामण करणाऱ्यास पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच अनुक्रमे एक आणि तीन वर्षांपर्यंत भलामण करण्यास बंदीही घालता येते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल किंवा सवलत मिळाली असल्यास ते सहज दिसेल अशा रीतीने सांगणे, चित्रफितीत ते ऐकूही येणे आणि हॅशटॅगच्या गर्दीत ते न लपवणे त्यांत अपेक्षित आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले, पण ते ऐच्छिक स्वरूपात. ते ऐच्छिक ठेवणे ही चूक होती. बनावट अभिप्रायांतून ज्याला लाभ होतो, तो आपण होऊन मानकाखाली येण्याची शक्यता कमीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री थेट निषिद्ध ठरवणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू केला आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या खासगी ग्रुपपर्यंत मात्र यांपैकी कोणत्याही तपास यंत्रणेची नजर सहसा पोहोचत नाही. तेथे ग्राहकानेच दोन प्रश्न विचारावेत: या मागणीतून तुम्हाला काही मिळते का, आणि तुम्ही स्वतः यांच्याकडून दुसऱ्यांदा घेतले आहे का? पहिला प्रश्न विचारायला मराठी माणसाला भीड पडते, दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा पहिल्याचेही देऊन जाते. फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी विक्रेत्याचे नाव, पैसे दिल्याची नोंद आणि मूळ संदेश हाताशी असलेला बरा, तेव्हा ग्रुपवरचे जुने संदेश वेळोवेळी पुसून टाकणाऱ्यांनी निदान खरेदीचा संदेश तरी वस्तू वापरून होईपर्यंत जपून ठेवावा.